नाशिक जिल्ह्यात जुनी पिकअप शोधताना, घेताना आणि सांभाळताना

पिकअप ही राबायची गाडी. जुनी फियाट किंवा अँबेसेडर एखाद्या वाड्यात कव्हर घालून जपलेली सापडते, पिकअपच्या वाट्याला ते सुख क्वचितच येतं. तिनं कांदा वाहिला, दुधाचे कॅन नेले, वाळू ओढली, मंडपाचे बांबू टाकले आणि एक दिवस खर्च परवडेना म्हणून ती शेडमागं उभी राहिली. म्हणून आमच्या जिल्ह्यात जुनी पिकअप शोधणाऱ्यानं मॉडेल आणि रंगाच्या आधी एक गोष्ट विचारावी: ही गाडी कुठं राबली आणि कुठल्या मालाला राबली? चासी कितपत सरळ असेल, पत्रा कुठं कुजला असेल, कागद कुणाच्या नावावर अडकले असतील, याचा निम्मा अंदाज तिथंच येतो.

या लेखात कागद मी शोधाच्या आधी घेतले आहेत. कागदांची समज नसताना शोधायला निघालेला माणूस आधी गाडीच्या प्रेमात पडतो आणि मग आरटीओच्या खिडकीवर अडकतो.

कोणती गाडी शोधायची

खऱ्या अर्थानं जुनी हवी असेल तर विलीज घराण्यातली महिंद्रा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या आणि त्याच चासीच्या जातीतून पुढं मालवाहू गाड्या आल्या. साठच्या दशकातली एफसी १५० ही त्यातली सगळ्यात वेगळी दिसणारी. तिची केबिन थेट इंजिनवर बसवलेली, त्यामुळं नाक आखूड आणि हौदा लांब. दिसायला देखणी आहे, पण इंजिनचं बहुतेक काम दोन सीटांच्या मधलं झाकण काढून करावं लागतं आणि रिकामी असताना पुढं जड असते. ब्रेक दाबला की मागचं अंग हलकं पडतं. या काळातल्या पेट्रोल गाड्यांत हरिकेन इंजिन असायचं, २.२ लिटरचं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. आजच्या मिस्त्रीला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर टॅपेट सेटिंगलाच गाडी अडते.

रोज ना सही, पण आठवड्याला चालवायची असेल तर डिझेल बघा. महिंद्राची डीआय आणि प्युजोची एक्सडीपी ही दोन्ही इंजिनं जिल्ह्यातल्या कुठल्याही जीपवाल्या मिस्त्रीला तोंडपाठ आहेत. एक्सडीपी ४.९० म्हणजे २११२ सीसी, चालायला मऊ, पण थंडीत हीटर प्लग नीट नसतील तर लवकर सुरू होत नाही. डीआय खडबडीत आणि आवाजी, मात्र सोसणारं. एनसी ६४० आणि एनसी ६६५ अशा नावाच्या महिंद्रा पिकअपही खेडोपाडी दिसतात.

दुसरा मोठा पर्याय टाटा मोबाईल. १९८८ मध्ये आली, आधी २०६ आणि मग २०७ म्हणून ओळखली गेली. तिच्याच पायावर टाटानं पुढं सिएरा आणि इस्टेट काढल्या आणि १९४८ सीसीचं डिझेल इंजिन सुरुवातीच्या सुमोतही होतं. म्हणून इंजिनचा माल अजून मिळतो. केबिनचा पत्रा आणि काचा मिळवताना मात्र दमछाक होते. पहिल्यांदाच जुनी पिकअप घेणाऱ्याला मी टाटा मोबाईल किंवा डिझेल महिंद्राच सुचवेन. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर पिकअपही चांगली गाडी. तिच्यातलं ओएम ६१६ इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं आणि फार टिकाऊ, पण मॅटाडोरचा पत्रा लवकर संपतो. डॉज, फार्गो ही अवजड मंडळी; जागा, पैसा आणि धीर तिन्ही असतील तरच.

आता कागद

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण बरेच लोक इथंच चुकीच्या भरवशावर पैसे देतात. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पण त्या नियमातली व्याख्या दुचाकी आणि एम १ वर्गाच्या चारचाकींपुरती आहे. एम १ म्हणजे माणसं वाहणारी छोटी गाडी. पिकअप जर मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर ती एन १ वर्गात जाते आणि या व्हिंटेज नोंदणीच्या व्याख्येत बसत नाही. "५० वर्षं झाली, आता व्हीए नंबर मिळेल" असं विकणारा म्हणाला तर त्यावर भाव वाढवू नका. शिवाय व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला नसतेच. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्तीला नेणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पिकअपवाल्याचा मार्ग म्हणजे साधी नोंदणी जिवंत ठेवणं.

म्हणून आरसी हातात आली की आधी वाहनाचा वर्ग वाचा. मालवाहू असेल तर नंबरप्लेट पिवळी, फिटनेस आठ वर्षांनंतर दरवर्षी, आणि टॅक्सचा हिशेब वेगळा. खासगी म्हणून नोंदलेली असेल तर पहिली १५ वर्षं सरल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण करही आहे. फीचे आकडे अलीकडं पुन्हा पुन्हा बदलले आहेत, त्यामुळं दुसऱ्या कुणाच्या पावतीवरून अंदाज न बांधता त्या दिवशीचा आकडा परिवहनच्या पोर्टलवर बघावा.

उभ्या राहिलेल्या मालवाहू गाडीत सगळ्यात मोठा खड्डा टॅक्सचा असतो. गाडी वापरात नाही असं आरटीओला आधी कळवलेलं नसेल तर ती शेडमध्ये उभी असतानाही टॅक्स चढत राहतो, वर व्याज. मालकाला हे खरंच माहीत नसतं. थकबाकीचा आकडा काढल्याशिवाय किमतीवर बोलू नका. काही वेळा थकबाकीच गाडीच्या किमतीला भारी पडते. सोबत ई-चलन आणि बँकेचा बोजा बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नसतो आणि त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज देणारी जुनी पतसंस्था बंद पडलेली असेल तर हे काम विकणाऱ्याकडूनच आधी पूर्ण करून घ्या.

नाशिकचं आरटीओ पेठ रोडला, एमएच १५. मालेगाव, नांदगाव, सटाणा बाजूची गाडी असेल तर ती एमएच ४१ असू शकते. सध्याची नंबर पद्धत येण्याआधीच्या, म्हणजे साधारण १९८९ च्या आधीच्या गाड्यांवर तीन इंग्रजी अक्षरं आणि आकडे असा जुना नंबर असतो. त्या गाड्यांची माहिती बऱ्याचदा संगणकावर चढलेलीच नसते. त्यासाठी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत ना ट्रान्सफर, ना नूतनीकरण, ना नवी नंबरप्लेट. जुनं रजिस्टर सापडतं का हे आधी आरटीओत विचारून यावं, मग सौदा करावा.

येवला, चांदवड बाजूला गाडी बघायला गेलात तर हा संवाद कुठल्याही वस्तीवर होऊ शकतो:

"नाना, गाडी कुणाच्या नावावर हाये?"
"थोरल्या दादांच्या. ते जाऊन झाले पंधरा वरीस."
"मग नावावर केली नाही तुमच्या?"
"कशाला भाऊ, गाडी घरचीच व्हती ना."

माणूस सरळ आहे, गाडीही बहुधा चांगली आहे. पण सौदा इथं थांबवावा. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर यावी लागते, फॉर्म ३१ भरून, बाकी वारसांच्या संमतीसह. दादांना तीन मुलं आणि दोन मुली असतील तर पाचही जणांच्या सह्या लागतील, आणि त्यातल्या दोघांचा वाटणीवरून अबोला असू शकतो. नानांना मदत करा, फॉर्म आणून द्या, सोबत आरटीओत जा, पण पैसे गाडी नानांच्या नावावर झाल्यावरच. हातात फक्त विसार द्या आणि तोही लिहून.

फेरफाराचंही बघा. जीप कापून मागं हौदा जोडलेला आणि आरसीवर अजून जीपच, अशा 'पिकअप' खूप फिरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे. अशी गाडी पासिंगला अडकेल. इंजिन बदललेलं असेल तर नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढलाय का ते पाहा.

दोन दिलासे मात्र आहेत. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही. आणि ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं आहे.

कुठं शोधायची, आणि तिथल्या गाडीत काय बघायचं

जिल्ह्याचे पावसाच्या दृष्टीनं दोन भाग आहेत आणि जुन्या गाडीच्या पत्र्यावर ते स्वच्छ दिसतात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा धो धो पावसाचा पट्टा. तिथं चार महिने गाडी ओली असते आणि केबिनचा तळ, दाराखालची पट्टी, काचेभोवतीची घडी आतून कुजते. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड ही कोरडी बाजू. पत्रा हवा असेल तर पूर्वेकडं शोधा. तिकडची गाडी रंगानं उन्हात उडालेली दिसेल, रबर सगळी तडकलेली असतील, पण पत्रा वाजवला की खणखणीत वाजेल. उडालेला रंग पुन्हा मारता येतो.

आता माल. द्राक्षपट्ट्यातल्या, म्हणजे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बाजूच्या पिकअपनं फवारणीचा टँक वाहिलेला असतो. बोर्डो या फवारणीच्या मिश्रणातलं मोरचूद लोखंड खातं. टँकची गळती हौद्याच्या ज्या कोपऱ्यात साचायची तो कोपरा, तिथून खाली चासीवर ओघळलेली रेष, हे मान वाकवून टॉर्चनं बघा. हिरवट निळसर डाग दिसला तर तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. खताच्या गोण्या वाहणारी गाडीही तशीच. पोटॅशसारखी खतं ओलावा धरतात आणि हौद्याच्या पाटीखाली साचून राहतात. वरून हौदा छान, खालून चाळणी.

लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात मोकळा कांदा भरून गेलेल्या गाडीचं दुखणं वेगळं. तिथं गंज कमी, पण वजन फार. हंगामात फाळक्याच्या वर फळ्या लावून भरतात. अशा गाडीच्या पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांची, कमान उतरलेली असते किंवा कुणीतरी एक-दोन पाटे जास्तीचे घातलेले असतात. मूळ पाटे किती होते ते आधी माहीत करून घ्या आणि मोजा. चासीच्या पोटाला रबर बम्परनं ठोकल्याच्या खुणा असतील तर गाडी वर्षानुवर्षं तळाला आपटत चालली आहे.

वाळूच्या गाडीला मी हातही लावणार नाही. ओली वाळू म्हणजे वजन आणि पाणी दोन्ही एकदम.

दुधाच्या गाडीकडं मात्र नीट बघा. सिन्नर बाजूला अशा पिकअप आहेत. हौद्याची फरशी सांडलेल्या दुधानं खराब असते, ती बदलावीच लागेल. पण दूध वेळेवर पोचवायचं असतं म्हणून या गाड्यांची सर्व्हिसिंग वेळेवर झालेली असते, वजन मर्यादेत असतं आणि गाडी वर्षानुवर्षं एकाच ड्रायव्हरच्या हातात असते. किलोमीटर जास्त असूनही मी अशा गाडीला पसंती देईन. मंडप डेकोरेटरची गाडीही चांगली निघते, कारण बांबू आणि कापडाचं वजन ते किती. फक्त केबिनचं छप्पर बांबूंनी दबलेलं असतं.

प्रत्यक्ष शोधायला आडगावच्या ट्रक टर्मिनल परिसरातली गॅरेजेस, सातपूर आणि अंबडमधले पाटेवाले, तालुक्याच्या गावातले रेडिएटरवाले आणि टायरवाले यांच्याकडं जा. पाटेवाल्याला जिल्ह्यातली प्रत्येक जुनी गाडी माहीत असते, कारण ती त्याच्याकडं आलेलीच असते. ऑनलाईन जाहिरातीत बहुतेक रंगवून ठेवलेल्या गाड्या येतात. शेडमागची गाडी जाहिरातीत येत नाही, ती माणसांतून कळते. बाजारसमितीच्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारा.

पूर्वी वन खातं, बांधकाम खातं यांच्या लिलावात चांगल्या जीप आणि पिकअप मिळत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या थेट भंगारात काढायच्या आहेत, त्यामुळं सरकारी लिलावातली गाडी रस्त्यावर आणायला म्हणून घेऊ नका. देवळालीमुळं लष्कराच्या डिस्पोजल गाड्यांबद्दलही इथं खूप ऐकायला मिळतं. डिस्पोजलची मूळ कागदपत्रं आणि त्यावरून झालेली आरसी दोन्ही असतील तर ठीक. नुसती गाडी आणि गोष्ट असेल तर पुढं निघा.

पाहणी: चासीपासून सुरुवात

सकाळी जा, उजेडात जा, आणि सोबत ओळंबा, खडू, मेजर टेप, टॉर्च, लोहचुंबक, छोटी हातोडी घ्या. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की गाडी आधी सुरू करून ठेवू नका.

चासी सरळ आहे का हे सपाट जागेवर, सिमेंटच्या ओट्यावर, असं बघतात. पुढच्या पाट्यांच्या पुढच्या पिना आणि मागच्या पाट्यांच्या मागच्या पिना, अशा चार जागांवरून ओळंबा सोडायचा आणि खाली जमिनीवर खडूनं फुली मारायची. गाडी ढकलून बाजूला घ्यायची. आता जमिनीवर चार फुल्या आहेत. डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत आणि उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत टेप धरा. दोन्ही तिरप्या मापांत बोटाच्या जाडीइतका फरक असेल तर चासी कुठंतरी ओढली गेली आहे. अपघात झालेला असतो किंवा एका बाजूनं वजन बसलेलं असतं. मालक कितीही म्हणाला की गाडी एका हातानं चालते, तरी ही चार टोकं खरं सांगतात. याला अर्धा तास लागतो आणि गाडी बघायला आलेले शंभरातले नव्वद लोक हे करत नाहीत.

मग केबिनच्या मागं चासीला हातोडीनं टकटक करत जा. केबिन संपून हौदा सुरू होतो तिथं चासीला सगळ्यात जास्त ताण असतो आणि चिराही तिथंच पडतात. वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर ते का मारलं हे विचारा. हौदा आणि चासी यांच्यामध्ये लाकडाची पट्टी असेल तर तिच्याखाली माती साचून ओल धरते, तिथं टोचून बघा. चासी नंबरावर पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नंबराच्या आजूबाजूला ताजा रंग, घासल्याची खूण किंवा वेगळ्या वळणाचे आकडे असतील तर बोलणी तिथंच थांबवा.

पत्र्यावर लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. दाराच्या खालच्या कडा, मडगार्डची मागची बाजू, पेडलखालचा तळ हे पाहिलंत की बाकीचं कळतं.

इंजिन आणि रस्ता

बॉनेटवर हात ठेवा, थंड हवं. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग किंवा चॉकलेटी चिकटा आहे का पाहा. मग सुरू करायला सांगा आणि धूर बघा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर नोझल किंवा हेड गॅस्केट. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. रेस दिल्यावर काळा म्हणजे पंप, नोझल किंवा साधा तुंबलेला एअर फिल्टर. तेल भरायचं झाकण उघडून तिथून किती जोरात फुसकारे येतात बघा. बॅक कॉम्प्रेशन जास्त असेल तर पिस्टन-रिंगचं काम आलं. एवढं असूनही मी इंजिनवरून गाडी नाकारणार नाही. रिबोअर, क्रँक घासणं, पंपाचं कॅलिब्रेशन ही कामं नाशिकमध्ये रोजची आहेत. सातपूरला महिंद्राचा कारखाना, इगतपुरीला इंजिनांचा, आणि त्यांना माल पुरवणारी सातपूर-अंबडची शेकडो वर्कशॉप्स. लेथवर बुश, पिना, शाफ्ट करून देणारे हात इथं आहेत. इंजिनच्या कामाचा खर्च किमतीतून वजा करा, एवढंच.

चालवताना स्टिअरिंग किती फिरल्यावर चाक वळतं ते बघा. दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर पाय काढला आणि गिअर सुटून न्यूट्रल झाला तर बॉक्स खोलावा लागेल. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून घुमणारा आवाज येत असेल तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडी, गेली. फोर बाय फोर असेल तर मातीत उतरवून लीव्हर खरंच लागतो का पाहा, डांबरी रस्त्यावर लावून बघू नका.

सौदा आणि नावावर करणं

किंमत ठरवायची पद्धत सोपी ठेवा. चालू, कागद साफ असलेल्या तशाच गाडीला जिल्ह्यात काय मिळतंय ते दोन-तीन मिस्त्र्यांना विचारा. त्यातून थकबाकी, टायर, ब्रेक, पत्रा, इंजिन यांचा खर्च वजा करा. उरतो तो तुमचा आकडा. जेवढ्याला गाडी घ्याल जवळजवळ तेवढेच पैसे पहिल्या वर्षी तिच्यात जातील असं धरूनच चाला.

फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी, जिल्ह्याबाहेरची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. "सही केलेले कागद घ्या, नंतर कधी पण करा" हे दोघांनाही घातक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की ज्याच्या नावावर नोंद तोच कायद्याला मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही त्याचीच. विकणाऱ्याला हे समजावून सांगितलं की तोही स्वतः आरटीओत यायला तयार होतो.

थर्ड पार्टी विमा घेतल्याशिवाय गाडी घरापर्यंतही चालवत आणू नका. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते, म्हणून दुरुस्तीच्या पावत्या आणि फोटो जपून ठेवा. स्वतःच्या नुकसानीचा विमा हवा असेल तर त्याच कामी येतात.

घरी आणल्यावर पहिली कामं

रंगकाम शेवटी. आधी ब्रेक.

जुन्या विलीज जातीच्या गाड्यांत ब्रेकची एकच लाईन असते. चारपैकी एका चाकाचा सिलिंडर फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो, पेडल थेट तळाला लागतं. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होस आणि गंजलेल्या पाईप एकदमच बदला, एकेक करत बसू नका. ड्रम लेथवर घासून घ्या, नवे लायनर ड्रमला बसतात का ते खडू लावून पाहा. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का याची खात्री करा. हे होईपर्यंत कसारा घाट तर सोडाच, राहूडच्या घाटातही जाऊ नका.

टायर. जुन्या जीपचा ६.०० गुणिले १६ हा साईज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही असतो आणि स्वस्तात मिळतो म्हणून बरेच जण तोच चढवतात. तो शेतातल्या कमी वेगासाठी बनलेला आहे, डांबरी रस्त्यावर गाडीला लावू नका. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसली तरी टायर दहा वर्षांचा असू शकतो.

मग रेडिएटर. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातल्यानं आत थर बसलेला असतो. उघडून साफ करा आणि पुढं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घाला. नंतर वायरिंग, ठिकठिकाणी टेप गुंडाळलेली जुनी वायर ठेवू नका, फ्यूजसकट नवी ओढून घ्या.

पेट्रोल इंजिन असेल तर इंधनाचं एक वेगळं काम आहे. फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल आहे, त्यामुळं हेडचं काम निघेल तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. आता त्यात २० टक्के इथेनॉल आहे. ते जुनी रबरी नळी आणि पंपाचा डायफ्रॅम फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. नळ्या आणि डायफ्रॅम नव्या प्रकारच्या घाला, टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने पडू देऊ नका. डिझेल गाडीला हा त्रास नाही, फक्त टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी आणि गाळ एकदा काढून टाका.

सांभाळ

जुन्या पिकअपला तेलापेक्षा ग्रीसची भूक जास्त. पाट्यांच्या पिना, शॅकल, किंगपिन, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सगळीकडं निपल असतात. ग्रीसगन स्वतः घ्या. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारत राहायचं. एखाद्या निपलमधून जात नसेल तर ते बदला, तसंच सोडून देऊ नका, कारण कोरडी पिन पुढच्या पावसाळ्यापर्यंत झिजून जाईल. गिअरबॉक्समध्ये ऑइल घालताना पितळी रिंग असलेल्या बॉक्सला जीएल ४ प्रतीचं मागा. काही जीएल ५ ऑइल पितळेला मानवत नाहीत. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर डिझेलची टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, हौद्यात पाणी साचणार नाही अशी पुढून थोडी उंच उभी करा, ताडपत्री थेट पत्र्यावर टाकू नका, खाली हवा खेळू द्या. दर पंधरवड्याला नुसती सुरू करून बंद केलेली गाडी जास्त खराब होते. काढा आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण गरम करून आणा. सुगीनंतर उंदरांचा त्रास असतो, बॉनेटखाली वायरी तपासत राहा.

आरामात चालवायला गंगापूर धरणाचा रस्ता, दिंडोरीमार्गे वणी, हे रस्ते या गाड्यांसाठी उत्तम. पन्नास-साठच्या वेगाला खूष असणारी गाडी समृद्धी महामार्गावर घालू नका, तिथं मागून येणाऱ्याचा वेग दुप्पट असतो. हौद्यात माणसं बसवू नका, जत्रेला जातानाही नाही.

एक वही गाडीतच ठेवा. त्यात बदललेल्या प्रत्येक भागाचं नाव, माप, कुठून घेतला आणि किती किलोमीटरवर घातला ते लिहा. ऑइल सील, बेअरिंग यांच्यावर कोरलेला नंबर फेकण्याआधी वहीत उतरवा. पुढच्या वेळी दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्याऐवजी तो नंबर सांगितला की माल पटकन मिळतो. वहीच्या पहिल्या पानावर विमा, पीयूसी, फिटनेस किंवा नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांच्या तारखा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. जुन्या गाडीला फिटनेसची तारीख उलटून गेल्यावर दंड चढत जातो, म्हणून तारखेच्या दोन महिने आधीच ब्रेक, लाईट, हॉर्न, धूर तपासून घ्या आणि मगच पेठ रोडची वेळ घ्या.